इजिप्तचे लेखनिक: उपदेशातले आणि हजेरीपटावरचे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांवरील लेख वाचला. लेखनिक म्हणजे कष्टांतून सुटलेला, सर्वांच्या आदरास पात्र असा सुखी माणूस, हे त्यातील चित्र मुख्यतः ‘खेतीच्या उपदेशा’वर (खेती नावाच्या बापाचा मुलाला उपदेश, अशा रूपातील प्राचीन इजिप्शियन रचनेवर) बेतलेले आहे. मुलाला लेखनशाळेत घालायला निघालेला बाप त्यात कुंभार, विणकर, परीट अशा एकेकाचे हाल चवीने रंगवतो. मजकूर मोठा मौजेचा आहे. परंतु तो लेखनिकांच्याच वर्गाने रचला आणि शिकाऊ मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या गिरवून घेतला, हे ध्यानात घेता त्याला पुरावा म्हणण्यापेक्षा जाहिरात म्हणणे अधिक योग्य ठरेल.

लेखनिक प्रत्यक्षात काय लिहीत, हे पाहायचे तर लक्सर शहरासमोर नाईलच्या पश्चिम तीरावरील दैर अल-मदिना या वस्तीकडे वळावे लागते. राजांची थडगी खोदणारे व रंगवणारे कारागीर येथे राहत. तेथील बहुतेक टिपणे चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापऱ्यांवर, चित्रलिपीत नव्हे तर झरझर लिहिता येणाऱ्या हायरेटिक लिपीत केलेली आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये राजा दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाचा असाच एक हजेरीपट आहे. ४० कामगारांची नावे, गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि कारणे तांबड्या शाईत. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी बिअर गाळायला घरी थांबला, तर कोणी घरच्या मयताच्या तयारीत गुंतला. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कारकुनालाही हा पट ओळखीचा वाटावा!

अधिकाराबरोबर त्याचा गैरवापरही आलाच. याच वस्तीतील केनहेरखेपशेफ नावाच्या लेखनिकाला एका चित्रकाराने धाडलेले तक्रारपत्र उपलब्ध आहे. काम निघाले की गाढवासारखी आपली आठवण होते, बिअर असली की मात्र होत नाही, असे तो चिडून लिहितो.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही असा प्रसंग राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षाचा आहे. कामगारांचा पगार म्हणजे धान्य, आणि तेच थकले होते. लेखनिक अमेननख्त याने आधी एका मंदिराच्या कोठारातून ४६ पोती गहू मिळवून वेळ निभावली. पण पुढेही शिधा लांबत राहिला, तेव्हा कामगार काम टाकून, वस्तीच्या चौक्या ओलांडून पूर्वीचा राजा तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले आणि आपली उपासमार राजाला व वजिराला लेखी कळवा, अशी मागणी त्यांनी केली. जगातील हा पहिला नोंदलेला संप मानला जातो, आणि त्याची हकिकत आज इटलीतील तुरिनमध्ये असलेल्या ज्या पपायरसमुळे (प्राचीन इजिप्शियन कागदावरील लेखामुळे) कळते, तो बहुधा याच अमेननख्तने लिहिला. त्याला कामगारांचा कैवारी ठरवण्याची घाई मी करणार नाही. तो प्रशासनाचाच माणूस होता. परंतु शिधा किती दिवस थकला, हे ज्या दप्तरात टिपले गेले, ते राजाचेच दप्तर होते, आणि लेखनिकाच्या कामाचा हा भाग उपदेशात कुठेही सापडत नाही.

लेखासोबत आपण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मांडी घालून बसलेल्या लेखनिकाच्या पुतळ्याचे छायाचित्र छापले आहे. या विषयावर पुन्हा काही प्रसिद्ध करणार असाल, तर त्या हजेरीपटाचेही छायाचित्र अवश्य छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा