जेलमधलं औषध आणि पुण्याचं ऊन

संपादक साहेब,

प्रकाश टाकला की औषध सोडणाऱ्या जेलबद्दल आपल्या पुरवणीत आलं ते बरंच झालं, पण आमच्या कट्ट्यावर लगेच प्रश्न निघाला की मग एप्रिलच्या उन्हात लक्ष्मी रोडवर फिरलं तर सगळं औषध एकदमच सुटणार का, आणि प्रश्न अगदी रास्त आहे हो.

हे जेल म्हणजे हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची (लांब साखळीसारख्या रेणूंची) जाळी, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स त्याचीच असते. त्यात औषधाचं प्रोटीन, जसं इन्सुलिन, अशा रासायनिक दुव्याने बांधतात जो प्रकाशाने तुटतो, नायट्रोबेंझिलवाला दुवा बराच वापरतात, तो ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तुटतो, आणि जिथे जितका वेळ प्रकाश टाकाल तिथेच तेवढंच प्रोटीन सुटतं, हीच तर खरी गंमत! कोलोरॅडो विद्यापीठात क्रिस्टी अन्सेथ यांच्या टीमने २००९ मध्येच प्रकाशाने तुटणारं जेल दाखवलं होतं.

पण उन्हातले असोत की दिव्यातले, अतिनील किरण कातडीत मिलिमीटरभरही जात नाहीत, म्हणजे कातडीखाली खोल असलेल्या जेलपर्यंत पोचतच नाहीत, वर पेशींना त्रास देतात तो वेगळाच. मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरून बघा, लाल रंग तेवढा आरपार येतो, म्हणून आता लाल आणि इन्फ्रारेडवर चालणारे दुवे शोधणं चालू आहे. तेव्हा इन्सुलिनची सुई बंद वगैरे लिहायची घाई नको. पुढच्या वेळी पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) कुणा पॉलिमरवाल्याकडूनच लिहून घ्या की, हाकेच्या अंतरावर तर आहेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे