हशाची जागा वाक्याच्या शेवटी

महोदय,

ओपन माइकला, म्हणजे कॅफेत कुणीही मंचावर येऊन आपले विनोद सादर करावेत अशा कार्यक्रमाला, उतरणाऱ्या नाशिककर मुलामुलींचे विनोद बहुधा लिहितानाच फसतात. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हसवणारा शब्द आधीच फुटतो आणि मागे ‘असं तो म्हणाला होता’ची शेपटी उरते. शब्दक्रम फिरवून तो शब्द अगदी शेवटी आणावा. ५ मिनिटांना साधारण ५०० शब्द पुरतात, कारण हशालाही वेळ द्यावा लागतो. तो ओसरू लागला की पुढचं वाक्य घ्यावं; आधी घेतलं तर ऐकूच जात नाही. आयोजकांनीही खुर्च्या मंचालगत, दाटीने मांडाव्यात. विखुरलेल्या प्रेक्षकांत हसू पसरत नाही. आणि कॅफेतलं कॉफी मशीन तेवढा वेळ बंद ठेवावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक