सिनेगॉगमधल्या कार्यक्रमांत कीर्तन का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी निवृत्त मराठी शिक्षक. मंगळवार पेठेत राहतो आणि गेली चाळीसेक वर्षं कीर्तनकारांना पेटीची साथ करतो. मागच्या हिवाळ्यात मुलीकडे मुंबईला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, त्यांच्या कला-संस्कृतीचा कार्यक्रम आहे असं कळलं, म्हणून हौसेनं गेलो. कुठलं सिनेगॉग आणि कुणाचा कार्यक्रम हे सांगत नाही. माणसं भली होती, चहाही चांगला होता.

डोक्याला रुमाल बांधून बाकावर बसलो. पडद्यावर छायाचित्रं झाली, थोडं व्हायोलिन झालं, मग तासभर इंग्रजी भाषण. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बेने इस्राएली आजी होत्या. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वीसेक मिनिटांनी त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "भाऊ, आमच्याबद्दल काय म्हणतायत?" मग उरलेला वेळ मी त्यांच्याच मशिदीत त्यांच्याच लोकांची गोष्ट त्यांच्या कानात मराठीतून सांगत बसलो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी दोनदा मागं वळून डोळे वटारले.

'मशीद' हा शब्द माझा नव्हे, त्यांचाच. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभारलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले. पुण्यात कॅम्पात डेव्हिड ससून यांनी लाल विटांचं सिनेगॉग बांधायला घेतलं, ते 1867 मध्ये पुरं झालं. पुणेकरांनी त्याला 'लाल देऊळ' करून टाकलं. एकाच धर्माची प्रार्थनाघरं, एका गावात मशीद, दुसऱ्यात देऊळ! मराठी माणसानं त्यांना कधीच परकं मानलं नाही, हे त्या भाषणात सांगण्यासारखं होतं. सांगितलं नाही.

पण मला खरी रुखरुख लागली ती कीर्तनाची. माझ्या गुरुजींच्या ट्रंकेत मुखपृष्ठ फाटलेली एक जुनी चोपडी होती. अब्राहामाचं आख्यान, साकी, दिंडी, ओवी, अभंग, सगळं जिथल्या तिथं. बरीच वर्षं आम्ही ती ख्रिस्ती कीर्तनाची समजत होतो. शेवटच्या पानावर 'बेने इस्राएल' हे शब्द दिसले तेव्हा उलगडा झाला. मुंबईत हरिदासांची कीर्तनं ऐकून या समाजातल्या मंडळींनी 1880 च्या सुमारास स्वतःची कीर्तनं रचायला सुरुवात केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा आपल्याच वृत्तांत बसवल्या. त्याआधी 1874 मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, विधीची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली होती. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं ते मलिदा करतात, तो पोहे, नारळ आणि साखरेचा. आमच्याकडे दर्ग्यातला मलिदा पोळी गुळात कुस्करून करतात. त्यांच्या एका उपासाचं नाव काय, तर बिरड्याचा रोजा! वालाचं बिरडं आम्हा घाटावरच्यांना तितकंसं झेपत नाही, तो भाग वेगळा.

एवढं सगळं घरात असताना व्हायोलिन का? वाद्याशी माझं भांडण नाही. पण अलिबाग, पनवेल, ठाणे, पुणे इथल्या सिनेगॉगमध्ये पुढे कार्यक्रम होतील, तेव्हा पहिला मान या कीर्तनाला मिळावा आणि निवेदन मराठीत असावं. बहुतेक समाज 1948 नंतर इस्राएलला गेला, इथे राहिलेली माणसं थोडी. म्हणून काय आणि कधी करायचं ते त्यांनीच ठरवावं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, तेव्हा तिथे पेटी वाजणार नाही, हे आपण आधीच समजून घ्यावं. पूर्वी तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या या लोकांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच. आणि पाहुण्यांनी तोरा, म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ, ठेवलेल्या कपाटाला पाठ लावून सेल्फी काढू नयेत. त्या दिवशी तिघांनी काढल्या.

कोल्हापुरात सिनेगॉग नाही. पण शाहू महाराजांनी ज्या दसरा चौकाच्या आसपास मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, तिथेच शाहू स्मारक भवन आहे. ठाण्या-पुण्याकडची कुणी बेने इस्राएली कीर्तन मंडळी तयार असतील, तर एक संध्याकाळ तिथे व्हावी. तालमीसाठी आमच्या घरची माडी रिकामी आहे.

एक विनंती वाचकांना. कोल्हापूर, सांगली, मिरजेत जुन्या कीर्तनकारांच्या घरी अशा चोपड्या असतील. रद्दीत घालण्याआधी शेवटचं पान बघा. आमच्या चोपडीची मधली आठ पानं गहाळ आहेत. इसहाकाला घेऊन अब्राहाम डोंगर चढायला लागतो आणि पान संपतं. पुढच्या साक्या कुणाकडे असतील तर मला हव्या आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक पेटीवाला मास्तर
मंगळवार पेठ, कोल्हापूर