रिसॉर्टच्या बोअरने घेतलेले पाणी नाल्याला परत कोण देणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे म्हादई नदीच्या पाणीवाटपावर जाते. तिला मिळणारे कळसा आणि भांडुरा नाले, पाणीतंटा लवादाचा 2018 चा निवाडा आणि त्यात कर्नाटकाच्या वाट्याला आलेले 13.42 टीएमसी, हे सगळे चहाच्या टपरीवरही तोंडपाठ आहे. पण जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत डोंगरउतारावर जी रिसॉर्ट उभी राहत आहेत, त्यांच्या बोअरमधून रोज किती पाणी उपसले जाते, हे कोणी विचारत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

रिसॉर्टना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. गावातली चार पोरे तिथे कामाला लागली; एरवी ती गोव्याला किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेली असती. प्रश्न उन्हाळ्यातल्या नाल्याचा आहे.

जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस कणकुंबीच्या बाजूला पडतो आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये तिथल्याच वाड्यांवर घागरी घेऊन फिरावे लागते. याचे कारण जमिनीत आहे. वर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आणि खाली कठीण खडक. पावसाळ्यात जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या खडकाला अडते आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. एप्रिलमध्ये नाल्यात जी धार दिसते ती याच झऱ्यांची असते. वर बोअर मारून पंप लावला, की झऱ्याकडे निघालेले पाणी वाटेतच उचलले जाते. ‘आमचा बोअर तीनशे फूट खोल आहे, त्याचा तुमच्या झऱ्याशी काय संबंध?’ असे एका रिसॉर्टवाल्याने आम्हाला ऐकवले होते. खोल भेगांतले पाणी वेगळे असूही शकते. मग पंप चालू ठेवून झऱ्याची धार मोजा आणि दाखवून द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. अशी चाचणी होत नाही आणि मालकाच्या शब्दावर काम चालते.

दुसरी अडचण वेळेची. बोअर नाल्यापासून लांब असेल तर उपशाचा परिणाम लगेच दिसत नाही, काही आठवडे, कधी काही महिने उशिरा दिसतो. नाताळ-नववर्षाच्या गर्दीत उपसलेल्या पाण्याची तूट मार्चमध्ये समोर येऊ शकते. तेव्हा बोंब मारून पंप बंद केला तरी नाला दुसऱ्या दिवशी वाहू लागत नाही.

आता थोडे गणित. हॉटेलला दर खाटेमागे दिवसाला 180 लिटर पाणी लागते, असे आपल्याकडचे प्रचलित मानक आहे. शंभर खाटांचे रिसॉर्ट भरले तर 18,000 लिटर झाले. म्हणजे चोवीस तास, दर मिनिटाला एक कळशी भरून नेण्यासारखे. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने हे सव्वातीनशे माणसांचे पाणी आहे. पण माझ्या मते खरे पाणी खाते ती हिरवळ, पाहुणा नव्हे. उन्हाळ्यात एक एकर हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर 20,000 लिटर लागतात. पाहुण्याच्या अंघोळीचे पाणी शोषखड्ड्यातून निदान काही प्रमाणात जमिनीत परत जाते. हिरवळीचे आणि जलतरण तलावाचे पाणी मात्र उन्हाने उडून जाते. सह्याद्रीच्या जंगलात परदेशी गवताची हिरवळ कशाला हवी, हे मला आजवर कळलेले नाही.

अमेरिकेत डोंगराळ भागातल्या रिसॉर्टचा हाच तंटा जुना आहे. कोलोराडोत 1969 च्या कायद्याने विहिरी आणि नद्या एकाच हिशेबात आणल्या. नदीवर ज्यांचा हक्क जुना, त्यांच्या पाण्याला नव्या विहिरीने धक्का लागत असेल तर विहीरवाल्याने तेवढे पाणी नदीला परत देण्याची योजना जलन्यायालयापुढे मांडून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून तिथली रिसॉर्ट छोटे तलाव बांधतात किंवा जुने हक्क विकत घेतात आणि तुटीच्या दिवसांत पाणी सोडतात. ओरेगॉनच्या डेशूट्स खोऱ्यात 2002 पासून तसाच नियम आहे. नव्या बोअरच्या परवानगीआधी भरपाईचे पाणी दाखवावे लागते. तिथेही सगळे सुरळीत नाही. बोअर बारा महिने चालतो आणि भरपाई शेतीच्या हंगामातल्या पाण्याची, अशी तक्रार आहे. झऱ्याच्या थंड पाण्यावर जगणाऱ्या माशांना कालव्याचे कोमट पाणी चालत नाही, हाही आक्षेप आहे.

आपल्याकडे भरपाई म्हटले की छपरावरचे पावसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडल्याचा फोटो पुढे येतो. जुलैत नाला दुथडी भरून वाहत असताना त्यात आणखी भर घालून काय साधणार? त्यातले एप्रिलपर्यंत किती टिकते, ते कोणी मोजलेले नसते. दुसऱ्या गावात शेततळे खोदून देणे हीसुद्धा या नाल्याची भरपाई नव्हे. पाणी ज्या नाल्याचे घेतले त्याच नाल्याला, बोअरच्या वरच्या अंगाला किंवा लगत, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत मिळाले पाहिजे. त्यासाठी रिसॉर्टने पावसाळ्यात भरून घेतलेले, तळाला अस्तर असलेले मोठे तळे ठेवावे आणि उन्हाळ्यात त्यातून मोजून पाणी सोडावे. हिरवळीला आणि जलतरण तलावाला याच तळ्याचे पाणी वापरले तर बोअरवरचा भार तिथेच कमी होईल. खालच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला पैसे देऊन त्याचा नाल्यावरचा पंप त्या महिन्यांत थांबवण्याचाही मार्ग आहे, पण तो पंप खरोखर चालत असला पाहिजे. जळालेल्या मोटरीच्या नावावर भरपाई लिहून घेणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

कायदा नाही, असे नाही. कर्नाटकाचा 2011 चा भूजल कायदा आहे. बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले की नद्या, जंगले ही सरकारकडे जनतेची ठेव आहे, आणि मोटेलला दिलेल्या वनजमिनीचा भाडेपट्टाही रद्द केला. आमच्या नाल्यांचे पाणी मलप्रभेला जाते आणि नविलुतीर्थ धरणातले तेच पाणी हुबळी-धारवाड पिते. तेव्हा हा केवळ चार वाड्यांचा रडका सूर नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की या पट्ट्यात नव्या व्यावसायिक बोअरला परवानगी देण्याआधी किमान एक उन्हाळा नाल्याची धार मोजून घ्यावी. नाल्यात व्ही आकाराच्या खाचेचा छोटा बांध घातला की हे काम पंचायतीचा वॉटरमनही करू शकेल. चालू बोअरना मीटर बसवावेत आणि दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. फलक कन्नडबरोबर मराठीतही असावा, म्हणजे ज्यांच्या विहिरी आटतात त्यांना तो वाचता येईल. आणि भरपाईचे पाणी सुटले नाही, तर त्या महिन्यात बोअरची वीज तोडण्याचा अधिकार कोणाला असेल, हे परवान्यातच लिहून ठेवावे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव