बांधलेल्या इंजिनाचे ऑइल प्रेशर बिलावर लिहून मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की सांगली-मिरजेतल्या मैदानांवरचे गवत गुडघ्याला लागते आणि शेडमध्ये पडून असलेली गवत कापायची यंत्रे इंजिनकामासाठी बाहेर निघतात. आमच्या मैदानाच्या, बसून चालवायच्या दोन सिलिंडरी यंत्राचे इंजिन यंदा बांधून आणले. मेस्त्रींनी ते चालू केले, ऑइलचा दिवा विझलेला दाखवला आणि पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी तासभर कापणी झाल्यावर रेस कमी करताच तोच दिवा लुकलुकू लागला.

हा दिवा प्रेशर मोजत नाही. ते अगदी तळाला गेले, एवढेच तो सांगतो. म्हणून दिव्याचा स्विच काढून त्याच भोकात काट्याचे गेज बसवले. थंड इंजिनावर काटा दर चौरस इंचाला ५० पौंडांवर गेला, तेव्हा भोवती जमलेल्यांनी समाधानाने माना डोलावल्या. पण ऑइल थंड आणि दाट असताना प्रेशर चांगले दिसतेच. वीस मिनिटांत ते तापून पातळ झाले आणि मंद रेसला काटा ५ पौंडांपाशी घुटमळू लागला. खोलून पाहिले, तर जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये पॅकिंगला लावलेल्या सिलिकॉनचा शेवईसारखा धागा अडकला होता व व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता, त्यामुळे प्रेशर गळत होते. बेअरिंगचा गाळा, म्हणजे फट, जास्त राहिला असता, तरी काटा असाच पडला असता, आणि ते दुखणे धागा काढण्याइतके स्वस्तात मिटले नसते.

एक सिलिंडरी लहान यंत्रांपैकी बहुतेकांत ऑइलचा पंपच नसतो. आतली पळी ऑइल उडवते. तिथे गेज लावायला जागाच नाही, सपाट जमिनीवर पातळी पाहणे हीच तपासणी. परंतु पंप व फिल्टर असलेले इंजिन बांधल्यावर स्पार्क प्लग काढून, काटा हलेपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे, मग चालू करून चांगले तापू द्यावे आणि मंद व पूर्ण रेसचे आकडे कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून बिलावर लिहावेत, अशी गॅरेजचालकांना विनंती आहे. किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही अपेक्षा जास्त नसावी. आमच्या बिलावर आकडा नव्हता; दुरुस्तीनंतरचा मीच शेडच्या दारावर खडूने लिहिला आहे : गरम, मंद रेस, २२ पौंड.

आपला,
मैदान समितीचा एक सदस्य, सांगली