किनाऱ्यावरच्या अनामिकांचे आभार

हवामान खात्यातली माझी नोकरी आता संपली. ज्यांची नावं मला कधीच कळली नाहीत, त्यांचे आभार मानायचे आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर आलं. इशारा आम्ही दिला. पण आकडा ऐकून कुणी घर सोडत नाही. ‘आजी, कौलं उडतील, चला,’ असं ओळखीच्या माणसानं म्हटलं की सोडतं. ते तुम्ही म्हणालात, कोरोनाच्या धास्तीतही दारोदार फिरून! पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, वाडीतली पोरं. तुमच्या स्वतःच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या, तरी दुसऱ्यांच्या छपरांवर ताडपत्र्या बांधत होतात. मनापासून धन्यवाद.