मुलगा कूपे घेतोय? आधी गाडीखाली वाकायला सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका काकांचं पत्र वाचलं. मुलगा अमेरिकेत नोकरीला लागलाय, आता दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायची म्हणतोय आणि वर रविवारी ती "रेस"ला नेणार म्हणतोय, त्याला कोणीतरी समजवा असा एकूण सूर होता. मी बरीच वर्षं मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो, नोकरी गाड्यांच्याच धंद्यात आहे आणि उन्हाळ्यात माझेही हेच उद्योग चालू असतात, म्हणून म्हटलं लिहावं. समजवायला हवंच, फक्त काका म्हणतात त्या कारणासाठी नाही. त्या रविवारात घाबरण्यासारखं फार काही नसतं, पैसे बुडतात ते सोमवार ते शुक्रवार.

मुलगा "रेस" म्हणतोय ती बहुतेक ऑटोक्रॉस असणार, आणि ऑटोक्रॉस म्हणजे रात्री हायवेवर गाड्या पळवणं नव्हे हो. मोठं रिकामं पार्किंग नाहीतर विमानतळाची जुनी धावपट्टी घ्यायची, त्यावर केशरी कोन मांडून वाकडातिकडा रस्ता आखायचा आणि एकेक गाडी सोडायची, शर्यत फक्त घड्याळाशी. एक फेरी जेमतेम मिनिटभराची, दिवसभरात अशा पाच-सहा मिळतात आणि उरलेला वेळ उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन जागेवर ठेवायचे, हे काम सगळ्यांना करावंच लागतं, डॉक्टर असो की मेकॅनिक. कोन पाडला की वेळेत 2 सेकंद वाढतात, रस्ता चुकला की फेरी बाद. गाडी जवळजवळ पूर्ण वेळ सेकंड गिअरमध्ये असते आणि वेग रोज हायवेने ऑफिसला जाताना असतो त्याच्यावर क्वचितच जातो. हेल्मेट सक्तीचं, सकाळी गाडीची तपासणी होते, बॅटरी घट्ट आहे का, व्हील नट आवळलेत का, आत काही सुटं पडलंय का, आणि एसयूव्हीसारख्या उंच गाड्या उलटायच्या भीतीने घेतच नाहीत. एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) नावाची 1944 पासूनची संघटना आहे, ते लोक याला सोलो म्हणतात, त्यांची राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून नेब्रास्कातल्या लिंकन गावी भरायला लागली. आणि आपल्याकडच्या पोरांना हे नवीन थोडंच आहे, कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेला कॉलेजच्या टीम स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन जातात, त्यात ऑटोक्रॉस ही चाचणी असतेच. तिथे हात काळे केलेली मुलं इथे एमएस करून नोकरीला लागतात आणि पहिल्या पगारापासून कूपेच्या, म्हणजे दोन दारांच्या गाड्यांच्या, जाहिराती चाळायला लागतात.

आणि चाळताना बघतात काय, तर हॉर्सपॉवर. इथेच गाडं अडतं. कोनांच्या त्या गल्लीबोळात 300 हॉर्सपॉवर सोडायला जागाच नसते, तिथे लागतं कमी वजन, धड टायर आणि ओढणाऱ्या चाकांना एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरायला लागलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारी रचना). निसान 350झेड घ्या, जुनी झाल्यामुळे हातात येण्यासारखी झालीय, सुरुवातीच्या मॉडेलला 287 हॉर्सपॉवर, आवाज झकास, पण वजन दीड टनाच्या आसपास आणि मागचे टायर रुंद, म्हणजे दर वेळी बदलताना खिसा मोकळा. मस्टँग जीटी तर त्याहूनही जड. बीएमडब्ल्यूची ई46 पिढीची 330सीआय चालवायला मला स्वतःला सगळ्यात आवडते, उगाच खोटं कशाला बोलू, पण तिच्या कूलिंगचे प्लास्टिकचे पार्ट म्हातारे झाले की तडकतात आणि मागचा सबफ्रेम (चाकांची जोडणी धरणारा लोखंडी सांगाडा) जिथे जोडलाय तिथला पत्रा फाटतो. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याने खुशाल घ्यावी. सोमवारी सकाळी आठला ऑफिसात हजर व्हायचंय त्याने लांबून बघावी.

माझदा आरएक्स-8 च्या तर सगळेच प्रेमात पडतात कारण स्वस्त मिळते आणि चालवायला खरंच सुंदर आहे. 1.3 लिटरचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत गोल फिरणारे रोटर असतात), मॅन्युअल गिअर असेल तर 230 च्या वर हॉर्सपॉवर, मागच्या सीटसाठी उलटी उघडणारी छोटी दारंसुद्धा आहेत. पण ते इंजिन मुळातच थोडं थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे दर दोन-तीन टाक्यांमागे डिपस्टिक बघावी लागते, पेट्रोल पिण्याच्या बाबतीत सहा सिलिंडरच्या मोठ्या इंजिनालाही लाजवेल, आणि आतली सीलं झिजली की गरम असताना स्टार्टच होत नाही, पेट्रोल भरून निघायचं म्हटलं तरी धाकधूक. कंपनीला शेवटी इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती, आता तीही केव्हाच संपली. घ्यायचीच असेल तर रोटरीसाठी वेगळा कॉम्प्रेशन टेस्टर (इंजिनात दाब नीट तयार होतो का ते मोजणारं यंत्र) असतो, त्याने तपासून दिल्याशिवाय एक डॉलरही पुढे करायचा नाही, विकणारा "नुकतीच ट्यूनिंग केलीय" म्हणत असेल तर अजिबातच नाही.

मग घ्यावी कुठली? माझं मत विचाराल तर सुबारू बीआरझेड किंवा तिची जुळी बहीण सायन एफआर-एस (सायन म्हणजे आपल्या मुंबईचं नव्हे, टोयोटाचा इथला ब्रँड होता, 2016 ला बंद केला, मग 2017 पासून तीच गाडी टोयोटा 86 नावाने विकली). 2 लिटर, 200 हॉर्सपॉवर, वजन साधारण 1250 किलो, इंजिन खाली बसवलेलं असल्यामुळे गाडी वळणात सपाट राहते, मॅन्युअलला एलएसडी कंपनीकडूनच येतो. मधल्या आरपीएमला ओढ थोडी मेल्यासारखी वाटते, त्यावर लोकांनी फार रडून घेतलंय, सवय होते. मागची सीट माणसांसाठी नाहीच, पण ती पाडली की चार सुटी चाकं आणि जॅक आत बसतात, आणि याचा उपयोग पुढे सांगतो. दुसरी निवड म्हणजे 2006 ते 2011 ची होंडा सिव्हिक एसआय कूपे, 197 हॉर्सपॉवर, 8000 आरपीएमपर्यंत ओरडत जाते, पुढच्या चाकांवर चालते म्हणून बर्फात नवशिक्याला सोपी, फक्त थर्ड गिअर टाकताना करकरते का ते थंड आणि गरम अशा दोन्ही वेळेला बघायचं.

आता तपासणी. मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही, त्यामुळे अर्धी सडलेली गाडीसुद्धा रस्त्यावर बिनधास्त फिरते. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, वरून पेंट चकाचक असतो आणि खाली ब्रेकची लोखंडी नळी बोटाने खरवडली तर पापुद्रे निघतात. म्हणून आधी गाडीखाली वाकायचं, टॉर्च घेऊन. मागच्या चाकांच्या वरची कमान आतल्या बाजूने, सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या, जॅक लावायच्या जागा, आणि खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर विचारायचं का मारलाय ते. बॉनेट नंतर उघडा. बंपरवर केशरी ओरखडे दिसले तर पोरं दचकतात, म्हणतात हिला रेसमध्ये तुडवलीय, मी उलट खूश होतो, तो कोनचा रंग असतो, पुसला जातो, आणि ऑटोक्रॉस करणारा माणूस बहुतेक वेळा ऑइल वेळेवर बदलणारा असतो. मला भीती वाटते ती स्वस्तातलं कॉइलओव्हर (गाडी खाली बसवायला बाहेरून लावलेला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा जोड), इंजिनाच्या कॉम्प्युटरला अज्ञात माणसाने केलेलं ट्यून आणि "बिलं हरवली" या तिघांची.

बीआरझेड आणि एफआर-एसचं 2013 चं मॉडेल घेताना एक गोष्ट मुलाकडून वदवून घ्या काका. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तुटतात म्हणून 2018 च्या शेवटी त्यातल्या बऱ्याच गाड्या परत बोलावल्या होत्या आणि त्या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, त्यात ते परत बसवताना सीलंट जास्त लागलं तर ऑइलच्या वाटा तुंबतात, काही इंजिनं त्या दुरुस्तीनंतर बसली अशा तक्रारी झाल्या. म्हणजे काम झालंय का एवढंच विचारून भागत नाही, केव्हा झालं आणि त्यानंतर गाडी किती मैल चाललीय तेही विचारायचं, नंतर हजारो मैल नीट चाललेली असेल तर जिवाला घोर नाही. गाडीचा व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या रस्तेसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर टाकला की कुठलं रिकॉल बाकी आहे ते फुकटात कळतं. टायटलवर (मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट, म्हणजे भंगारात निघालेली किंवा त्यातून पुन्हा उभी केलेली, असं असेल तर विषय संपला, किंमत कितीही गोड असो. आणि पैसे देण्याआधी तिऱ्हाईत गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून बघायची, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही. माझ्या एका सहकाऱ्याला डीलरने "आमच्याकडे 150 पॉइंट तपासून झालीय" म्हणून लिफ्टवर घालूच दिली नाही, त्याने सरळ चाव्या परत दिल्या, बरं केलं.

पैशांचं म्हणाल तर गाडीच्या किमतीपेक्षा इन्शुरन्स आधी विचारा. मिशिगनचा इन्शुरन्स देशातल्या सगळ्यात महागड्यांपैकी आहे, त्यात वय पंचविशीच्या आतलं, इथला ड्रायव्हिंगचा इतिहास कोरा आणि गाडी कूपे, म्हणजे महिन्याचा आकडा ऐकून घाम फुटतो. आणि घड्याळ लावलेल्या स्पर्धेत गाडीचं काही झालं तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात, ती ओळ आधीच शोधून वाचायची. स्पर्धेची फी त्यामानाने किरकोळ, साधारण 40 ते 60 डॉलर, त्यात दिवस जातो. खरा खर्च टायरचा. स्ट्रीट क्लासमध्ये, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटात, 200 ट्रेडवेअरचे टायर चालतात (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा, कमी असला की टायर मऊ), योकोहामा ए052 किंवा ब्रिजस्टोन आरई-71आरएस असले चिकट, ते रोजच्या रस्त्यावर घासून घालवायचे म्हणजे पैसे जाळणं आणि थंडीत तर ते दगड होतात, गाडी सरळ रस्त्यावर घसरते. म्हणून चाकांचा वेगळा सेट ठेवायचा, रविवारी मागची सीट पाडून चारही चाकं घेऊन जायची, तिथे बदलायची. वर्षातून चार-पाचदाच जाणार असेल तर हेही नको, चांगले उन्हाळी टायर आणि हिवाळ्याला वेगळे स्नो टायर, बास.

आणि पहिलं वर्षभर गाडीला काहीही लावायचं नाही. स्ट्रीट क्लासमध्ये शॉक ॲब्सॉर्बर, एक अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), ब्रेक पॅड असलं मोजकंच बदलता येतं, त्याच्यापुढे काही लावलं की वरच्या क्लासमध्ये टाकतात, तिथे पूर्ण तयारीने आलेली मंडळी नवशिक्याला सहज चार सेकंदांनी मागे टाकतात. तेवढ्या पैशात ब्रेक फ्लुइड, अलाइनमेंट आणि क्लबच्या शिकवणी शाळेची फी भागते, आणि शेजारच्या सीटवर एखादा अनुभवी माणूस बसवून घेतला तर तो फुकटात शिकवतो, इथे कोणी नाही म्हणत नाही.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. छापताना जागा कमी पडली तर झेड आणि बीएमडब्ल्यूचं खुशाल उडवा, गंज आणि रिकॉलचं तेवढं ठेवा.

आपला,
एक वाचक, मिशिगन